नंतर आणि मुळे

‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ’ ही म्हण आपण सगळेच वापरतो, आणि वापरताना कावळ्याची बाजू घेतो. एवढ्याशा पाखराच्या वजनानं कुठं फांदी मोडते, असं म्हणून हसतो. पण फांदी आपल्या झाडाची असली, वर खिशातले पैसे गेलेले असले, की म्हण आठवत नाही. मग कावळा पकडून आणायची घाई होते. मागच्या पावसाळ्यात आमच्या घरी तसंच झालं. फांदी म्हणजे आमची जुनी पद्मिनी, आणि कावळा म्हणजे गॅरेजमधला १९ वर्षांचा एक पोरगा.

गाडी १९८६ ची प्रीमियर पद्मिनी. मूळ इटालियन फियाट ११०० ची ही मुंबईत, कुर्ल्याच्या कारखान्यात वाढलेली लेक. इंजिन १०८९ सीसी, गिअरचा दांडा स्टिअरिंगला, समोर डॅशबोर्डवर हातानं ओढायचा चोक. आजोबांनी ती सेकंड हँड घेतली आणि बेळगावात आमच्या कॅम्पातल्या घरी आणली. रविवारी मिस्साला फातिमा कॅथेड्रलला जायचं असो, नाहीतर डिसेंबरात चोर्ला घाटानं गोव्याला, सगळं तिच्यातूनच. डायनामो काढून अल्टरनेटर बसवणं सोडलं तर आजोबांनी तिच्यात काही बदललं नव्हतं. दर दोन-तीन महिन्यांनी ते बॉनेट उघडायचे, फिलर गेजची पातळ पट्टी घेऊन पॉइंटची फट बघायचे आणि पुन्हा बंद करायचे. २०२१ मध्ये आजोबा गेले. त्यांच्यामागे ती फट बघणारं घरात कुणी उरलं नाही. म्हणून पप्पांनी ठरवलं की पॉइंट काढून टाकायचे आणि बाजारात मिळतं ते इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट बसवायचं. किंमत साडेपाच हजार.

पुढचं कळायला ठिणगीबद्दल थोडं सांगायला हवं. मी पीयूसीला सायन्स करून मग साहित्याकडे आले, तेव्हा एवढं सांगायचा हक्क मला आहे असं समजा. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. प्लगच्या फटीत ठिणगी उडवायची तर हजारो व्होल्ट लागतात. ते काम कॉइल करते. तिच्यात एका लोखंडी गाभ्यावर दोन वेटोळी असतात. एक जाड तारेचं, थोड्या वेढ्यांचं. दुसरं केसासारख्या बारीक तारेचं, हजारो वेढ्यांचं. जाड वेटोळ्यातून करंट वाहू द्यायचा आणि झटकन तोडायचा. तोडला त्या क्षणी बारीक वेटोळ्यात पंधरा-वीस हजार व्होल्ट उसळतात.

ही युक्ती अगदी सुरुवातीला जमवणाऱ्यांत एक फादर होते, हे आपल्या कॉलेजात फारसं कुणाला ठाऊक नसतं. फादर निकोलस कॅलन हे आयर्लंडमधल्या मेनूथच्या सेंट पॅट्रिक्स कॉलेजात शिकवायचे. साल १८३६. त्यांनी सेंट अल्फॉन्सस लिगोरी यांच्या पुस्तकांची इंग्रजीत भाषांतरंही केली, म्हणजे आमच्या मराठी मंडळात ते सहज खपले असते. विजेचा झटका मोजायचं साधन हाताशी नव्हतं, तेव्हा ते विद्यार्थ्यांनाच तारा धरायला लावत असं सांगतात. त्यातला एक बेशुद्ध पडला आणि तोच पुढं डब्लिनचा आर्चबिशप झाला, अशीही गोष्ट आहे.

करंट तोडायचं काम पॉइंट करतात. डिस्ट्रिब्यूटरमध्ये धातूची दोन छोटी टोकं असतात, फिरत्या कॅममुळे ती उघडझाप करतात. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर ही टोकं सेकंदाला १०० वेळा उघडतात. त्यांच्यातली फट जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची, आणि ती घासून बदलत जाते. बॅटरी, कॉइल आणि पॉइंट ही जोडी चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या कॅडिलॅक गाड्यांना बसवली. त्यांच्या कंपनीचं नाव डेल्को. आमच्याकडचे मिस्त्री आजही डिस्ट्रिब्यूटरला डेल्कोच म्हणतात. अमेरिकेतल्या कंपनीचं नाव शंभर वर्षांनी बेळगावच्या गॅरेजात सामान्यनाम होऊन बसलंय, याचं मला भाषेची विद्यार्थिनी म्हणून फार कौतुक आहे.

किटमध्ये पॉइंट नसतात. त्याऐवजी शाफ्टवर चुंबकाची एक रिंग बसते आणि शेजारी छोटं मॉड्यूल. चुंबक समोरून गेला की मॉड्यूलमधल्या सेन्सरला कळतं आणि ते करंट तोडतं. यामागचा परिणाम एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधला, म्हणून तो हॉल सेन्सर. बाहेर वायरी दोनच. लाल वायर कॉइलच्या प्लसला, काळी मायनसला. करंटची परतीची वाट मात्र वायरीतून नसते. ती डेल्कोच्या धातूच्या अंगातून इंजिनात, इंजिनातून गाडीच्या बॉडीत आणि बॉडीतून बॅटरीच्या मायनसला जाते. गॅरेजच्या भाषेत हा ‘अर्थ’. सगळी गोष्ट पुढं या अर्थावरच येणार आहे.

किट जूनच्या पहिल्या आठवड्यात बसलं. मिस्त्रींनी ते काम त्या पोराला दिलं, कारण सोबतचा इंग्रजी कागद वाचायचा कंटाळा बाकीच्यांना होता. पोरगा खानापूरकडच्या खेड्यातला, गॅरेजात येऊन नऊ महिने झालेले. त्यानं मोबाइलवर एकेक शब्द बघत कागद वाचला आणि दुपारभरात किट बसवलं. पहिले दहा दिवस गाडी छान चालली. मग पाऊस लागला आणि नाटक सुरू झालं. सेल्फ मारला की इंजिन गरगर फिरायचं पण पकडायचं नाही. पप्पा दमून किल्ली सोडायचे आणि कधीकधी नेमकं त्याच क्षणी ते ‘भक्’ करून लागायचं. नाहीतर धक्का. धक्क्याला मात्र दहा पावलांत लागायचं, आणि एकदा लागलं की तासभर फिरवा, तक्रार नाही. पण आजीला कॅथेड्रलच्या दारात सोडून परत निघताना पप्पांना दर रविवारी धक्का मारायला चार माणसं शोधावी लागायची. ‘ही आता भंगारातच घालतो,’ असं ते तिसऱ्या रविवारी म्हणाले. आजी काही बोलली नाही. आजोबांची म्हणून घरात उरलेली मोठी वस्तू तेवढी एकच.

मिस्त्रींनी गाडी बघितली. वायरी हलवून बघितल्या. मग मॉड्यूल काढून जुने पॉइंट परत बसवले आणि सेल्फ मारला. गाडी लागली. थोडी रखडत, पण लागली. ‘बघा साहेब, तुमच्या समोर हाय. किट गेलंय. पोरानं वायर उलटी लावून जाळलं बघा.’ दुकानदार उघडलेलं किट परत घ्यायला तयार नव्हता. मिस्त्री शब्दाचे पक्के. ते म्हणाले, ‘तुमचं नुकसान मी ठिवत न्हाई. पोराच्या पगारातनं महिन्याला हजार कापतो आणि तुमाला देतो.’ पोराचा पगार नऊ हजार, त्यातले खोलीचे दोन हजार जायचे.

पप्पा वाईट माणूस नाहीत. त्यांचं म्हणणं साधं होतं. गाडी चांगली चालत होती, किट बसवल्यानंतर बिघडली, किट काढल्यावर पुन्हा चालली. यापेक्षा आणखी काय पुरावा पाहिजे? जेवताना हे सगळं चाललेलं असताना आजी मध्येच म्हणाली, ‘जन्मापासून आंधळा होता त्या माणसाची गोष्ट आठवते ना? शिष्यांनी येशूला पहिला प्रश्न हाच विचारला, पाप कुणाचं? याचं की याच्या आईबापाचं?’ योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय आजीला पाठ आहे. पप्पांनी भाजी वाढून घेतली आणि विषय संपला.

माझ्यासाठी तो संपला नाही, कारण किटचा डबा परत द्यायला आलेला तो पोरगा फाटकात मला म्हणाला होता, ‘अक्का, वायर उलटी लावली असती तर गाडी आमच्या गॅरेजातनं भाईरच आली नसती. दहा दिवस कशी काय चालली मग?’ एवढं बोलून तो गेला. त्याच्या हातात पहिल्या कापलेल्या पगाराचे पैसे त्याच आठवड्यात पडायचे होते.

आम्हाला इंग्रजीच्या पेपरला ई. एम. फॉर्स्टर यांचं ‘अस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल’ होतं. १९२७ सालचं पुस्तक. त्यात राजा-राणीच्या मृत्यूचं ते प्रसिद्ध उदाहरण देऊन त्यांनी गोष्ट आणि कथानक यांतला फरक सांगितलाय. गोष्टीत घटना एकामागून एक येतात. कथानकात एकीमुळे दुसरी घडते. मराठीत आपण हा सगळा फरक दोन शब्दांत करतो, ‘नंतर’ आणि ‘मुळे’. परीक्षेत मी हे उत्तर व्यवस्थित लिहिलं होतं, मार्कही पडले होते. पण आमच्या जेवणाच्या टेबलावर ‘किट बसवल्यानंतर’चं ‘किट बसवल्यामुळे’ कधी झालं ते कुणालाच कळलं नव्हतं. मिस्त्रींचा पुरावा तपासायचा तर तो कथानकासारखा तपासायला हवा होता. प्रत्येक ‘नंतर’पाशी थांबून विचारायचं की इथे ‘मुळे’ लागतो का?

तसं बघितलं तर तीन गोष्टी जुळत नव्हत्या. पहिली, जळलेलं मॉड्यूल धक्क्यानं जिवंत होत नाही. धक्क्याला गाडी लागते म्हणजे मॉड्यूल चांगलं आहे. दुसरी, धक्का आणि सेल्फ यांत फरक काय? धक्क्यात सेल्फची मोटर फिरत नाही. ती मोटर शंभर-दीडशे अँपिअर खेचते, बाकी गाडीत एवढं खाणारं दुसरं काही नाही. म्हणजे सेल्फ चालू असताना काहीतरी कमी पडत होतं आणि किल्ली सोडली की ते परत मिळत होतं. तिसरी गोष्ट पॉइंटची. पॉइंट म्हणजे नुसता यांत्रिक स्विच. त्याला स्वतःला चालायला वीज लागत नाही, तेव्हा व्होल्टेज पडलं तरी तो उघडझाप करतोच आणि दुबळी का होईना ठिणगी देतो. किटच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं की ८ व्होल्टच्या खाली मॉड्यूल काम करणार नाही. म्हणजे पॉइंट बसवल्यावर गाडी लागली यावरून किट खराब आहे असं ठरत नाही. पॉइंट जास्त सोशीक आहेत, एवढंच ठरतं.

मग कमी काय पडत होतं? याचं उत्तर मला गाडीत सापडायच्या आधी आजोबांच्या वहीत सापडलं. आजोबा गाडीची एक वही ठेवत. लाल पुठ्ठ्याची, आडव्या रेघांची. किती किलोमीटर, किती लिटर, ऑइल कधी बदललं, टायरची हवा. अक्षर कोरीव, पण ओळी इतक्या कोरड्या की साहित्य म्हणून तिच्याकडे कुणी बघणार नाही. २०१९ च्या पावसाळ्यातल्या एका पानावर पेट्रोलच्या नोंदीखाली एक ओळ होती. सेल्फ मारल्यावर चोकची दांडी गरम लागते. आणि पुढं एकच शब्द, ‘का?’ त्याचं उत्तर वहीत पुढं कुठंच नव्हतं. २०२० मध्ये लॉकडाउनमुळे गाडी उभीच होती, आणि त्यानंतर आजोबांची नोंद नाही.

चोकची दांडी म्हणजे डॅशबोर्डवरचं बटण, तिथून एक पोलादी तार नळीतून कार्ब्युरेटरपर्यंत जाते. तिच्यात वीज असायचं काही कारण नाही. ती गरम का व्हावी? इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत तांब्याच्या जाळीची एक जाड पट्टी लावलेली असते. सेल्फचा सगळा करंट त्या पट्टीतून परत जातो. ती पट्टी खराब झाली तर करंट थांबत नाही, दुसरी वाट शोधतो. आणि इंजिनाला बॉडीशी जोडणाऱ्या दुसऱ्या धातूच्या वाटा म्हणजे अॅक्सिलरेटरची जोडणी आणि चोकची तार. पाण्याचा मोठा पाट बुजला की पाणी बांधावरच्या उंदराच्या बिळातून वाहतं, तसं. बीळ लहान, पाणी फार, म्हणून तार तापते. आजोबांच्या ‘का?’चं उत्तर हे असणार. आणि ती नोंद किट घरात यायच्या कितीतरी वर्षं आधीची.

पण हेही अजून ‘असणार’च होतं. मोजल्याशिवाय मीही मिस्त्रींसारखीच गोष्ट रचत होते असं कुणी म्हटलं असतं तर मला बोलायला तोंड नव्हतं. फिजिक्सच्या सरांकडून मल्टिमीटर मागून आणला. गॅरेजला सुट्टी असते त्या रविवारी त्या पोराला निरोप दिला. पप्पांना विचारलं. ते म्हणाले, ‘बघ. पण आणखी काही जाळू नका.’

पोरानं आधी किट परत बसवलं, वायरींचे रंग मला मोठ्यानं वाचून दाखवत. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड. तो सेल्फ मारणार आणि मी आकडे बघणार. बॅटरी शांत असताना १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. सेल्फ चालू असताना बॅटरीच्या दोन टोकांवर १०.४. हेही चांगलं. आता कॉइलचा प्लस आणि इंजिनाचं लोखंड यांच्यामध्ये, म्हणजे मॉड्यूलला प्रत्यक्ष मिळतं ते. ७.६. कागदावरच्या ८ च्या खाली.

१०.४ मधले २.८ कुठं गेले? आता मीटर उलट्या पद्धतीनं लावायचा. एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं कॉइलच्या प्लसला, सेल्फ चालू. ०.७. एवढं जुन्या किल्लीत आणि फ्यूजमध्ये जातं. मग एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं इंजिनाच्या लोखंडाला. इथे खरं म्हणजे जवळजवळ शून्य यायला पाहिजे, कारण दोन्ही एकच समजले जातात. पोरानं सेल्फ मारला. २.१. आम्ही दोघांनी तो आकडा दोनदा बघितला. ०.७ आणि २.१ मिळून बरोबर २.८. हिशोब पैशाला पैसा लागला. त्यानं हात पुढं करून चोकच्या दांडीला बोट लावलं आणि मागं घेतलं.

पट्टी गिअरबॉक्सच्या बाजूला होती. तो खाली झोपून टॉर्चनं बघत होता आणि मी वरून विचारत होते. जाळी हिरवी पडलेली, थिंबलपाशी तुटून थोडेच धागे धरून होते. बॉडीकडच्या बोल्टखाली गाडीच्या रंगाचा थर. कधीतरी रंगकाम करताना तिथला रंग खरवडायचा राहिला असावा. गाडीला अर्थ मिळत नव्हता. हे वाक्य मराठीच्या विद्यार्थिनीनं किती वेळा मनात घोळवलं असेल ते सांगत नाही.

नवी पट्टी १८० रुपयांची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काम सुटल्यावर तो ती घेऊन आला. बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरनं घासून लखलखीत धातू काढला, पट्टी आवळली, वर ग्रीस लावलं. पुन्हा तेच आकडे. बॅटरी १०.२, कारण आता सेल्फ जोरात फिरत होता. बॅटरीचा मायनस आणि इंजिन यांच्यात २.१ च्या जागी ०.२. मॉड्यूलला ९.३. पण ते वाचून होईपर्यंत इंजिन चालूच झालं होतं. अल्टरनेटरचाही हिशोब सुधारला. हेडलाइट लावून मोजलं तर अल्टरनेटरवर १४.१ असताना बॅटरीपर्यंत पूर्वी १३.३ पोहोचायचे. आता १३.९ पोहोचत होते.

मी सगळे आकडे एका कागदावर दोन रकान्यांत लिहिले, आधीचे आणि नंतरचे, आणि पप्पांच्या पुढ्यात ठेवले. शेजारी आजोबांची वही उघडून ठेवली. पप्पांनी कागद वाचला. वहीचं पान मात्र फार वेळ बघत बसले. मग चप्पल घालून गॅरेजकडे गेले.

मिस्त्री म्हणाले, ‘अर्थ आमी चेक केला होता साहेब. मीटर लावला, बीप वाजला.’ ते खोटं बोलत नव्हते. बीप वाजतोच. मीटरचा बीप अगदी बारीक करंट सोडून फक्त एवढंच बघतो की वाट आहे की नाही. जाळीचा एकच धागा शिल्लक असला तरी वाट आहे, म्हणून बीप वाजतो. २.१ व्होल्टला दीडशे अँपिअरनं भागलं तर पट्टीचा सगळा दोष एका ओहमच्या सत्तराव्या भागाएवढा निघतो. एवढा दोष साध्या मीटरच्या ओहमच्या काट्यावर दिसत नाही. तो भार पडल्यावरच दिसतो. पण त्याच दोषावर सेल्फ मारताना तीनशे वॉट उष्णता वाया जात होती. शांत गाडी तपासून अर्थ बरोबर आहे म्हणणं म्हणजे कुणाला खुर्चीत बसवून त्याला ओझं उचलता येतं की नाही ते ठरवण्यासारखं आहे.

पगार कापणं त्या महिन्यापासून थांबलं. आधी कापलेले हजार मिस्त्रींनी पप्पांना दिलेले होते, ते पप्पांनी पोराच्या हातात दिले. मिस्त्रींनी पोराला काही म्हटलं नाही, म्हणजे चुकलं असंही नाही. पण परवा आमच्याच गल्लीतल्या एका ओम्नीचा सेल्फ नीट फिरत नव्हता, तेव्हा ते त्याला ओरडून म्हणाले, ‘अरे, ती तुझी उलटी टेस्ट कर बघू.’ पोरानं आता स्वतःचा मीटर घेतलाय. चारशे रुपयांचा, पिवळा.

तुमच्या घरीही जुनी गाडी असेल आणि नवा भाग बसवल्यावर ती रुसली असेल, तर भाग काढून फेकायच्या आधी तीन आकडे घ्या, तिन्ही सेल्फ चालू असताना. बॅटरीच्या दोन टोकांवर साडेनऊच्या वर आहे का? बॅटरीचा प्लस आणि कॉइलचा प्लस यांच्यात किती हरवतं? बॅटरीचा मायनस आणि इंजिनाचं लोखंड यांच्यात किती हरवतं? शेवटच्या दोहोंत अर्ध्या व्होल्टच्या वर जे काही असेल ते आधी दुरुस्त करा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बदलल्यावर पुन्हा मोजा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी सुधारेलही, पण कशामुळे ते कधीच कळणार नाही. आणि तोपर्यंत कुणाचा पगार कापू नका.

गाडी भंगारात गेली नाही. आरसी पुढच्या पाच वर्षांसाठी रिन्यू करायचे कागद पप्पांनी गोळा करायला घेतलेत. आजीला रविवारी कॅथेड्रलपासून घरी आणताना आता धक्का लागत नाही. गाडीतला रेडिओ मात्र इंजिन चालू असलं की खरखरतो. किट बसवल्यानंतर खरखरायला लागला, असं पप्पा म्हणतात. किटमुळे की कशामुळे, ते आम्ही अजून मोजलेलं नाही.